पाच वाजून दहा मिनिटांची अंतिम सूचना

जे जन्माला येतं ते एक दिवस जातं, आणि गेलेल्याला शांतपणे जाऊ द्यावं, एवढं शहाणपण माणसानं हजारो वर्षांच्या अनुभवातून कमावलं आहे. आमची वेबसाइट गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते, आणि ती रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बारा जणांना पत्र लिहीत होती.

बारांतले अकरा म्हणजे आंदर मावळातल्या एका गावाचा भात उत्पादक गट. बारावा मी. मला भात पिकवता येत नाही, पण लोणावळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी संपवल्यावर हाताशी वेळ होता, आणि वेळ असलेल्या माणसानं दुसऱ्यांचं भलं करायला निघावं यापेक्षा धोकादायक गोष्ट नाही. आमच्या घरी वीस वर्षं इंद्रायणी तांदूळ त्या गावातल्या आबांकडून येई. एवढा सुगंधी तांदूळ फक्त ओळखीच्या घरांत का जावा, जगाला का कळू नये, असं मला वाटलं. जगाला कळवण्यासाठी मी वेबसाइट काढली.

तिचं उद्घाटन शाळेच्या पडवीत झालं. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता आणि पडद्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल फीत चिकटवली होती. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. नारळ लॅपटॉपवर फोडता येणार नाही हे कुणाच्या तरी वेळेत लक्षात आलं म्हणून तो उंबऱ्यावर फोडला. त्याचं पाणी तरीही लॅपटॉपपर्यंत पोचलं. 'आज या गावाचं दार जगासाठी उघडलं,' असं पाहुणे म्हणाले आणि त्यांनी फीत कापली. त्या क्षणी नेटवर्क नव्हतं, त्यामुळे जगासाठी उघडलेलं ते दार म्हणजे मी आधीच काढून ठेवलेला वेबसाइटचा फोटो होता. टाळ्या मात्र खऱ्या पडल्या.

पाहुण्यांच्या सहायकानं जाताना मला बाजूला घेतलं. "सर, वेबसाइटच्या खात्याला फुकटातला मेल दिलाय तुम्ही. टपरीवरचा वाटतो. वेबसाइटच्या नावाचाच मेल द्या, भारदस्त दिसतं." मी आयुष्यभर भारदस्तपणाची टवाळी केली आहे. तरी त्या दिवशी कोटावर गुलाब होता, त्याचा परिणाम असावा. मी संध्याकाळी वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीकडच्या आमच्या खात्याचा मुख्य पत्ता बदलून वेबसाइटच्या नावाचा केला. ही चूक लक्षात ठेवावी, ती पुढे उपयोगी पडणार आहे; मला नव्हे, कंपनीला.

दुसरी एक गोष्ट आबांच्या आग्रहानं झाली. कंपनीकडून जी काही सूचना येईल ती एकट्यादुकट्याला न येता गटातल्या सगळ्यांच्या फोनवर यावी, असा त्यांनी ठरावच करून घेतला. ऑर्डर आली तर शेतातही कळावं म्हणून मी प्रत्येकाच्या फोनवर गटाच्या मेलसाठी देवळातल्या घंटेचा आवाज लावून दिला.

दोन वर्षांत घंटा चार वेळा वाजली. एकाला बासमती हवा होता. एकानं विचारलं, गावात पोहण्याचा तलाव असलेला बंगला भाड्यानं मिळेल का. तिसरी मागणी त्याच पाहुण्यांच्या कार्यालयातून, नमुन्यादाखल. चौथी खरी होती. तेवढ्या काळात आबांचा तांदूळ ओळखीतून ओळखीत, फोनवरून फोनवर, पूर्वीसारखाच संपत राहिला. जगाला कळण्याची फारशी गरज नव्हती असं जगानंच कळवल्यावर गटानं एकमतानं ठरवलं की बास.

वेबसाइटच्या दोन बाजू असतात. एक तिचं नाव, त्याला डोमेन म्हणतात; ते दरवर्षी पुन्हा घ्यावं लागतं, आम्ही घेतलं नाही. दुसरी तिची जागा, म्हणजे कंपनीच्या संगणकातली एक खोली. ती आम्ही तीन वर्षांसाठी एकदम घेऊन बसलो होतो. त्यामुळे नाव गेलं आणि खोली उरली. त्या खोलीत एक यंत्रणा होती. वेबसाइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र दर काही महिन्यांनी आपोआप नवं करायचं, म्हणजे दाराला नवं कुलूप घालायचं, एवढंच तिचं काम. ती रोज पहाटे नव्या कुलपासह निघे, नावावरून घर शोधी, घर सापडत नसे, आणि मग परत येऊन घरमालकाला दम देई.

कंपनीला स्थानिक भाषांचा अभिमान होता, त्यामुळे दम मराठीत येई. "अंतिम सूचना. आपल्या प्रमाणपत्राचे स्वयंचलित नूतनीकरण अयशस्वी झाले आहे. तातडीने कार्यवाही न केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल." अंतिम सूचना दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. मी दुर्लक्ष करायचं ठरवलं. शिकलेल्या माणसाला दुर्लक्ष करणं सोपं असतं, कारण त्याला वाचलेलं सगळं खरं नसतं हे माहीत असतं.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, आबा दारात उभे होते. गावातून पावणेसहाची एसटी, कान्हे स्टेशनवर उतरून लोकल, आणि लोणावळा स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत चालत. पाऊस लागला होता आणि त्यांचा उजवा गुडघा काही वर्षांपासून पावसाळ्यात वाकायला नकार देतो. हातात प्लास्टिकची फाइल होती. त्यांनी कामशेतला त्या मेलची झेरॉक्सच्या दुकानातून प्रत काढून आणली होती.

"सर, ह्याला जबाब द्यायचा."

"आबा, हे माणसानं लिहिलेलं नाही. यंत्र आहे. त्याला जबाब देऊन काही होत नाही."

"यंत्राला जबाब दिऊन होत न्हाई, पन यंत्र आपल्याला जबाबदार धरतंय. वाचा की, लिवलंय तितं."

त्यांना चहा दिला. मग मला जे सुचलं ते कुणालाही सुचलं असतं. त्यांचा फोन घेतला आणि म्हणालो, "हे बघा, इथं दाबलं की हा मेल तुम्हाला दिसणारच नाही. सगळ्यांच्या फोनवर करून देतो."

त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. रागानं नव्हे, दुसऱ्याच्या पोरानं विळा उचलला की घेतो तसा.

"दिसनार न्हाई म्हंजी यायचा थांबंल का?"

"यायचा थांबणार नाही. फक्त दिसणार नाही."

"मग त्यानं येगळं काय केलतं?"

तो 'त्यानं' कोण ते मला माहीत होतं, गावात सगळ्यांना माहीत आहे. आबा तरणे असताना धरणासाठी जमिनी जायच्या होत्या. नोटीस आली ती गावातल्या एका वजनदार माणसाकडं, सगळ्यांना सांगायला म्हणून. त्यानं ती ट्रंकेत ठेवली. का ठेवली यावर गावात अजून तीन मतं आहेत. हरकत घ्यायची मुदत ट्रंकेतच संपली. आबांच्या वडिलांची पाण्याकाठची खाचरं मोजून झाल्यावर त्यांना कळलं की आपल्याला नोटीस आली होती. तो माणूस वारल्यावर ट्रंक उघडली तेव्हा कागद सापडला. तो आबांकडं आहे, प्लास्टिकच्या फाइलीत, सगळ्यांत खाली. तेव्हापासून त्या गावात दोन गोष्टी पाळल्या जातात: नोटीस कुठलीही असो, सगळ्यांच्या हाती गेली पाहिजे, आणि तिला मुदतीत लेखी जबाब गेला पाहिजे. वीजबिलाच्या मागं छापलेल्या सूचनांनाही आबांनी एकदा उत्तर पाठवलं होतं.

म्हणून आबांना तो मेल लपवून चालणार नव्हता. तो मुळातूनच बंद व्हायला हवा होता. आणि तो होईपर्यंत ते दर मंगळवारी येणार होते, कारण सोमवारपर्यंतच्या प्रती साठत.

ते पुढच्या मंगळवारी आले. त्याच्या पुढच्याही. लावणीचे दिवस होते. तिसऱ्या आठवड्यात मावशींचा, म्हणजे आबांच्या मंडळींचा, फोन आला. मावशी फोनवर बोलत नाहीत, सुनावतात.

"सर, तुमीच लावलंय न्हवं हे? मग तुमीच काडा."

"काढतोय, मावशी."

"म्हातारं रातभर कागद चाळतंय. जेवताना इचारतंय, आज कितवी नोटीस. पाच वाजता घंटा वाजली की उटून बसतंय. अक्का गाव त्याच घंटंनं उठतोय. हिकडं लावणीला मानूस न्हाई आन ह्यो निघाला लोनावळ्याला, गुडगा धरून. चिखलात उबा ऱ्हात न्हाई म्हन गुडगा, पर जिन्यावर चडतो तुमच्या!"

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ही गोष्ट तोपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्या दिवशी मी बसलो. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'या सूचना नको असल्यास येथे दाबा.' दाबलं. खात्यात प्रवेश करा, असं आलं. नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. 'आपल्या सुरक्षेसाठी एक सांकेतांक आपल्या मुख्य मेलवर पाठवला आहे.' मुख्य मेल, म्हणजे तो भारदस्त. वेबसाइटच्या नावाचा. जे नाव आता नव्हतं, त्यामुळे तो पत्ताही नव्हता, त्यामुळे तो सांकेतांक कुठंतरी हवेत जाऊन विरला.

कस्टमर केअरला फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक अत्यंत नम्र मुलगी आली.

"सर, तुमची अडचण मी समजू शकते. तुम्हाला खात्यातून ते डोमेन डिलीट करावं लागेल. मग मेल बंद होतील."

"करा डिलीट."

"ते तुम्हालाच करावं लागेल, सर. त्यासाठी कोड रजिस्टर्ड मेलवर जाईल."

"तो मेल बंद पडलाय. डोमेनच संपलंय ना."

"मग सर, डोमेन रिन्यू करा. मेल चालू होईल, कोड येईल."

"रिन्यू कशासाठी करायचं?"

"डिलीट करण्यासाठी, सर."

ती चेष्टा करत नव्हती. मी ऐकलेलं पुन्हा मांडून पाहिलं.

"म्हणजे मेलेल्याला उठवायचं, त्याची सही घ्यायची, आणि परत झोपवायचं."

"हो सर. कमीत कमी एक वर्षासाठी." आणि मग, जरा थांबून, "आज केलंत तर ऑफर आहे."

मी मुदलात भांडखोर माणूस नाही. ग्रंथालयात उशिरा पुस्तक आणणाऱ्या प्राचार्यांकडून मी तीस वर्षं दंड घेतला, पण हसून. तरी त्या 'ऑफर आहे'नंतर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. एका वर्षाचं शुल्क म्हणजे काही डोंगर नव्हता, मी एकट्यानं भरलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. पण संपलेली गोष्ट संपली आहे एवढं म्हणण्याची परवानगी ज्यांच्याकडून विकत घ्यावी लागते, त्यांना मी एक पै देणार नव्हतो. ते मंगळवारी आबांना सांगितलं. वाटलं, ते म्हणतील भरा आणि सोडवा. आबा म्हणाले, "मेलेल्या बैलाला पेंड कोन घालतंय? न्हाई भरायचं. हरकत घ्यायची."

"कुणाकडं घ्यायची? तिथं माणूसच नाही, आबा. त्या मेलला उत्तरही जात नाही."

"हापीस आसंल की कुटंतरी. हापिसाला दार आसंल. दाराला पोस्टमन येत आसंल."

बावीस मिनिटं बासरी ऐकलेल्या माझ्यासारख्या सुशिक्षिताला हे सुचलं नव्हतं. कंपनीच्या पावतीवर तळाशी नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता. इमारत, मजला, पिनकोड. आणि एक खरं दार.

रविवारी मी गावात गेलो. जबाबाचा मसुदा लिहायला गटात एकच माणूस लायक, याबद्दल दुमत नव्हतं. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी कारकुनी केली, निवृत्तीनंतर शेती करायला गावी परतले. सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणतात. तेहतीस वर्षं तीन प्रतींत लिहिल्यामुळे भाऊंना एका प्रतीत बोलणंसुद्धा जमत नाही. त्यांचं घर बुद्धविहाराला लागून आहे आणि गावात मेलची घंटा वाजण्यापुरतं नेटवर्क सगळीकडं असलं तरी वेबसाइट उघडण्याइतकं येतं ते फक्त विहाराच्या पायरीवर. गावात चार माणसं कुठं जमावीत हे पूर्वी वेगळ्या गोष्टींवरून ठरायचं. आता रेंजवरून ठरतं. एवढ्या बाबतीत मी तंत्रज्ञानाचा ऋणी आहे.

भाऊंनी चष्मा पुसला. "नुसता अर्ज नाही चालणार. उद्या ते म्हणतील वेबसाइट चालू होती. आधी पंचनामा पाहिजे."

गोठा पडला, म्हैस गेली, विहिरीत दरड आली, की पाच पंचांनी जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहायचं आणि लिहून द्यायचं, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून कुणी हसलं नाही. मी एकटाच हसलो आणि मावशींनी माझ्याकडं पाहिलं.

पाच पंच पायरीवर बसले. भाऊंनी फोनवर वेबसाइटचं नाव टाकलं. सगळे वाकले. पडदा पांढरा झाला, मग राखाडी, मग 'हे पान सापडत नाही' असं आलं. फोन हातोहात फिरला. प्रत्येक पंचानं ते स्वतः वाचलं. एकानं फोन उलटा करूनही पाहिला.

"लिहा," भाऊ म्हणाले. लेखनिक मीच होतो. "आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर संकेतस्थळ आमच्यासमोर उघडले असता उघडले नाही. चतुःसीमा."

"वेबसाइटला चतुःसीमा नसतात, भाऊ."

"चतुःसीमा न्हाईत म्हंजी पंचनामा कच्चा," आबा म्हणाले. "ते बरुबर त्याच्यावरच धरत्यात."

भाऊंनी क्षणभर विहाराच्या निळ्या झेंड्याकडं पाहिलं. मग सांगितलं, "लिहा. चतुःसीमा: जागेवर आढळून आल्या नाहीत."

त्याखाली हरकत. ती भाऊंनी एका दमात सांगितली, जणू तेहतीस वर्षं कुणाला तरी ती ऐकवायची राहून गेली होती. सबब सदर सूचना आम्हांस मान्य नाही. जे अस्तित्वात नाही त्याचे नूतनीकरण आम्ही करणार नाही, त्यासाठी शुल्क भरणार नाही, आणि आपली सूचना आमच्यापैकी कोणापासून लपवणारही नाही. ती पाठवणे आपणच बंद करावे.

"आजून एक," आबा म्हणाले. "दम दिऊ ने."

"ते कायद्यात बसत नाही, आबा."

"दम देनं तरी कुटं बसतंय? लिवा सर."

लिहिलं. अकरा सह्या झाल्या; त्यांत दोन अंगठे. मला वाटलं होतं आता माझी नको, पण मावशी म्हणाल्या, "लावलं कुनी?" म्हणून बारावी सही झाली. सोबत तोवरच्या सगळ्या 'अंतिम सूचनां'च्या प्रती जोडल्या. अंतिम सूचना क्रमांक एक ते अंतिम सूचना क्रमांक एकतीस, प्रत्येकीवर आबांचा 'मिळाली' असा शेरा. पाकीट जाड झालं. पोस्टातल्या बाईंनी तोलून विचारलं, "जमिनीचं आहे का?" आबा म्हणाले, "त्याच्यासारकंच." पोचपावती लावून ते गेलं.

त्या कार्यालयात ते कुणी उघडलं, मला माहीत नाही. मी कल्पना करत असे: काचेची इमारत, वातानुकूलित मजला, आणि तिथं एखाद्या टेबलावर पाच पंचांच्या सह्यांचा पंचनामा. कंपनीला रोज लाखो मेल येत असतील, त्यांना उत्तर द्यायला त्यांनी यंत्रं नेमली आहेत. कागदाला उत्तर द्यायला मात्र त्यांच्याकडं यंत्र नसावं, म्हणून नाइलाजानं एखादा माणूस खुर्चीतून उठला असेल.

आबा पुढचे दोन मंगळवार आले, पण फाइल न उघडता बसले. चहा प्यायले, भाताची निंदणी कुठवर आली ते सांगितलं, आणि गेले. पोचपावती आली ती त्यांनी मला दाखवली: गोल शिक्का, खाली कुणाची तरी आडवी सही. ती ते अंगठ्यानं चाचपत राहिले. घंटा मात्र अजून रोज वाजत होती.

मग एका सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. गावात पोस्टमन आला होता. पाकीट आबांच्या नावचं. भाऊंनी पायरीवर उभं राहून मोठ्यांदा वाचलं आणि आबांनी फोन त्यांच्या तोंडाशी धरला, म्हणजे मलाही त्याच वेळी कळावं. दोन ओळी होत्या. आपल्या विनंतीनुसार सदर डोमेन खात्यातून काढण्यात येत आहे. येत्या मंगळवारपासून आपणांस सूचना येणार नाहीत. खाली सही. शाईची.

आबांनी फोन परत आपल्या कानाला लावला. मग आबा म्हणाले, "मुदतीत पोचलं म्हनायचं."

मी म्हणालो, व्हय. मी एरवी 'व्हय' म्हणत नाही.

ते त्याच दुपारी कामशेतला गेले आणि पत्राच्या बारा प्रती काढल्या, माणशी एक. मूळ पत्र त्यांनी फाइलीत ठेवलं, सगळ्यांत खाली, ट्रंकेतल्या त्या जुन्या नोटिशीच्या पाठीला पाठ लावून. हे मला मावशींनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या सुनावत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गावात एकाही फोनवर घंटा वाजली नाही. पावणेसहाची एसटी चार जणांची चुकली. त्यांत आबा होते. ते मला माझी प्रत द्यायला निघणार होते.